नोकरी सट्ट्याची, डाव आपल्याच मुलांवर

रमजानमध्ये नांदेडचा देगलूर नाका, इतवारा किंवा लातूरची गंजगोलाई संध्याकाळी ओळखू येत नाही. खजूर, फळे, भजी, समोसे घेणाऱ्यांची झुंबड उडते. इफ्तार होतो, मग इशा आणि तरावीहची नमाज होते आणि त्यानंतर दुसरी गर्दी जमते. चहाच्या हॉटेलांसमोर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर तरुण मुले मोबाइल घेऊन बसतात, ती थेट सहेरीपर्यंत. गेल्या तीन-चार वर्षांत रमजान आणि क्रिकेटचा मोठा हंगाम एकमेकांना खेटूनच येत आहेत. त्यामुळे हातातल्या पडद्यावर सामना असणे स्वाभाविक आहे. सामना पाहण्यात गैर काहीच नाही. पण त्याच पडद्यावर आता आणखी दोन गोष्टी येऊ लागल्या आहेत. एक म्हणजे सट्ट्याचा भाव. दुसरी म्हणजे सट्ट्याच्याच धंद्यात परदेशी नोकरीची जाहिरात. पहिल्या गोष्टीवर मशिदीत, घरात, वर्तमानपत्रात थोडेफार बोलले जाते. दुसरीवर अजून कोणी बोलत नाही. म्हणून आज तिच्याविषयी.

जाहिरात साधी असते. दुबईत काम, कंप्युटरवर बसायचे, हिंदी-मराठी बोलता आले पाहिजे, राहणे-खाणे मोफत, तिकीट आमच्याकडून. शिक्षण बारावी पुरे. कामाचे नाव ‘कस्टमर सपोर्ट’, ‘डेटा एंट्री’ किंवा ‘पॅनल ऑपरेटर’. कंपनीचे नाव विचारले तर ‘तिथे गेल्यावर कळेल’. अशाच एका मुलाचे वडील मला विचारत होते, “बस कंप्युटरपे बैठना है बोल रा, भाईसाब. तुम बोलो, भेजू क्या?”

त्यांच्या प्रश्नात लोभ कमी आणि लाचारी जास्त होती. २०२५ च्या पावसाळ्यात नांदेड-लातूरच्या शेतांचे काय झाले हे सगळ्यांनी पाहिले. मुखेड तालुक्यात तर ऑगस्टमधल्या एका रात्रीच्या पुराने माणसेही नेली. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर होता. बाजारात तो हाती पडायला नशीब लागते. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी २०१८ साली झाली, तेव्हापासून आसपासची मुले तिकडे डोळे लावून बसली आहेत. बी.कॉम., बी.ए. झालेला मुलगा कापड दुकानात नाहीतर मोबाइलच्या टपरीवर दहा-बारा हजारांवर उभा राहतो. अशा घरात कोणी दरमहा पन्नास-साठ हजारांचे नाव काढले तर आई-वडील फार प्रश्न विचारत नाहीत. त्यांना दोष देण्याआधी ही परिस्थिती लक्षात घ्यायला हवी.

शिवाय परदेशी जाणे आपल्याकडे नवीन नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखाती देशांत बांधकामाची लाट आली. तेव्हापासून मराठवाड्यातले गवंडी, वायरमन, वाहनचालक, शिंपी मुंबईमार्गे किंवा हैदराबादमार्गे सौदी, कुवेत, दुबई, मस्कतला जात आले आहेत. त्यांच्या पैशातून बहिणींची लग्ने झाली, पत्र्याच्या जागी स्लॅब पडले, भावंडे शिकली. त्या माणसांनी ‘आझाद व्हिसा’चे चटके सोसले, कफीलची दादागिरी सोसली, वर्षानुवर्षे मुलांची तोंडे पाहिली नाहीत. पण त्यांच्या हाताला एक कसब होते आणि ते काय काम करतात हे सांगताना त्यांना मान खाली घालावी लागत नव्हती. आज ‘दुबईला जातो’ म्हटले की घरच्यांच्या डोळ्यांपुढे हेच जुने चित्र येते. नव्या दलालाने नेमका याच विश्वासाचा फायदा उचलला आहे.

हा धंदा चालतो कसा, हे आधी समजून घेऊ. ‘महादेव’ ॲपचे प्रकरण देशभर गाजले. छत्तीसगडमधल्या भिलाईचे सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल यांनी दुबईत बसून हा पसारा उभा केला, असा सक्तवसुली संचालनालयाचा, म्हणजे ईडीचा, आरोप आहे. ईडीच्या म्हणण्यानुसार मुख्य कार्यालय संयुक्त अरब अमिरातीत होते आणि तिथून ‘पॅनल’ किंवा ‘ब्रँच’ वाटल्या जात. नफा सत्तर-तीस या हिशेबाने वाटला जाई. गावोगावच्या माणसांना मालक होण्याचे आमिष दाखवून मटक्याच्या जुन्या खायवाडीचीच ही मोबाइलवरची शाखा काढली गेली.

पॅनलवरच्या मुलाचे काम असे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर संदेश पाठवते. मुलगा त्याला आयडी आणि पासवर्ड देतो, पैसे भरायला एका बँक खात्याचा क्रमांक किंवा यूपीआय देतो. पैसे आले की तेवढे पॉइंट आयडीत टाकतो. जिंकलेल्याने पैसे मागितले की दुसऱ्या खात्यातून पाठवतो. ही खाती कंपनीची नसतात. ती कुणा रिक्षावाल्याच्या, कुणा विद्यार्थ्याच्या, कुणा विधवेच्या नावावर चार-पाच हजार देऊन भाड्याने घेतलेली असतात. एक खाते गोठले की दुसरे. एका फ्लॅटमध्ये आठ-दहा मुले, पाळीपाळीने चोवीस तास. एकूण हिशेबात पॅनलवाल्याचे नुकसान होणार नाही अशा बेताने खेळ रचलेले असतात, असेही ईडीने म्हटले होते. सट्टा लावणाऱ्या प्रत्येकाने हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘महादेव’सह २२ ॲप आणि संकेतस्थळे बंद केली. तरीही धंदा थांबला नाही. मे २०२४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पोलिसांनी एका इमारतीवर छापा घातला, तेव्हा याच ॲपचे काम करणारी नव्वदच्या आसपास माणसे तिथे सापडली. बहुतेक तरुण, वेगवेगळ्या राज्यांतून पगारावर आलेले. नारायणगाव म्हणजे टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गाव. तिथे पकडले गेले ते हेच टाइप करणारे हात. असे प्रकरण उघडकीला येते तेव्हा खुर्चीवर बसलेला मुलगा सर्वांत आधी सापडतो आणि नफा घेणारा सर्वांत शेवटी.

आता कायद्याचे पाहू, कारण ‘मी तर फक्त नोकरी करतो’ हा समज इथेच तुटतो. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे. त्यावर संसदेने २०२५ साली ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना त्यात बंदी आहे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांच्या देवघेवीला मदत करणाऱ्यालाही तशीच शिक्षा आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला या कायद्याने शिक्षा ठेवलेली नाही, त्याला बळी मानले आहे. म्हणजे घरी बसून सट्टा हरणारा मुलगा कायद्याच्या नजरेत पीडित आणि दुबईत बसून त्याचे पैसे घेणारा त्याचाच शेजारी गुन्हेगार. परदेशातून चालवलेली पण भारतात पुरवलेली सेवाही या कायद्याच्या कक्षेत येते. दुबईला गेलो म्हणजे सुटलो, असे नाही.

दुबईत तरी सुरक्षित आहोत का? अमिरातीत २०२३ साली जुगार-लॉटरीसाठी नियामक संस्था नेमली गेली आणि नंतर काही मोजके परवाने दिले गेले. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्यासाठी जुगार हा तिथेही गुन्हाच आहे. भाड्याच्या फ्लॅटमधल्या पॅनलला परवाना मिळत नसतो. त्यात मुलाला बहुतेक वेळा व्हिजिट व्हिसावर नेलेले असते. त्या व्हिसावर काम करणे तिथल्या कायद्यात बसत नाही. म्हणजे मुलगा पहिल्याच दिवशी दोन बाजूंनी गुन्हेगार होतो. पगार बुडाला तर तो कामगार न्यायालयात जाऊ शकत नाही. पासपोर्ट काढून घेतला तर पोलिसांत जायला घाबरतो. मालकाला हे पक्के ठाऊक असते. म्हणूनच तिकीट ‘आमच्याकडून’ असते.

इथे एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. दहावी न झालेल्या गवंड्याला आखाती देशात नोकरीला जायचे असेल तर त्याचा पासपोर्ट ‘ईसीआर’ प्रकारचा असतो. त्याच्या करारावर, मालकावर, दलालावर सरकारी तपासणीचा शिक्का लागतो. दहावी पुढे शिकलेल्याला ही अट नाही. ही सवलत शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेईल या विश्वासाने दिलेली आहे. पण त्याचा परिणाम असा की अडाणी म्हटला जाणारा गवंडी सरकारच्या नजरेखालून जातो आणि बी.कॉम. झालेला मुलगा पर्यटक म्हणून विमानात बसतो. कुठे गेला, कुणाकडे गेला, याची कुठेच नोंद नसते.

आणि दुबई हा यातला बरा मुक्काम म्हणावा लागेल. फिलिपिन्समध्ये परदेशी गिऱ्हाइकांसाठी चालणाऱ्या ऑनलाइन जुगार कंपन्यांची अशी साखळी उभी राहिली होती. त्यांच्या आडून फसवणूक, माणसांना डांबून ठेवणे असे प्रकार उघड झाले आणि जुलै २०२४ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी त्या सगळ्यांवर बंदी जाहीर केली. कंबोडियातून सुमारे २५० भारतीयांची सुटका केल्याचे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितले. मार्च २०२५ मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्यांनाही कंप्युटरवरच्या चांगल्या नोकरीचे आश्वासन होते. तिथे पोचल्यावर त्यांच्याकडून लोकांना ऑनलाइन फसवण्याचे काम मारून-धमकावून करून घेतले गेले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की जगात सट्ट्याचा कायदेशीर उद्योगही आहे. ब्रिटनमध्ये २००५ चा कायदा आहे, नियामक आयोग आहे. माल्टा, जिब्राल्टर या चिमुकल्या प्रदेशांची अर्थव्यवस्था बऱ्याच अंशी या कंपन्यांवर चालते. तिथे संगणक अभियंता, हिशेबनीस, वकील करारावर काम करतात, कर भरतात, निवृत्तिवेतन घेतात. पुण्यातला एखादा अभियंता तिथे गेला तर पोलीस त्याच्या मागे लागणार नाहीत. त्याच्यापुढचा प्रश्न फक्त त्याच्या विवेकाचा आहे. पण त्या देशांचे दाखले देऊन देगलूर नाक्यावरच्या मुलाला पॅनलवर नेणारा दलाल खोटे बोलतो. त्या कंपनीचा पत्ता असतो, याची कंपनी ‘तिथे गेल्यावर’ कळते.

आता विवेकाच्या प्रश्नाकडे येतो. रमजानच्या पानावर तो टाळता येणार नाही. कुरआनने जुगाराला, म्हणजे ‘मैसिर’ला, दारूच्या जोडीने निषिद्ध ठरवले आहे हे सर्वांना माहीत आहे. पण दुसऱ्या सूरहमध्ये, सूरह बकराहमध्ये, याविषयी जे आले आहे ते अधिक विचार करायला लावणारे आहे. या दोन्हींत लोकांसाठी काही फायदे आहेत हे तिथे नाकारलेले नाही. हानी फायद्याहून मोठी आहे, असे सांगितले आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात मैसिर कसा खेळला जाई? उंट कापायचा, बाणांनी चिठ्ठ्या टाकायच्या आणि जिंकलेल्या वाट्याचे मांस अनेकदा गोरगरिबांत वाटून टाकायचे. म्हणजे त्या जुगाराच्या अंगावर दानाची झूल होती. दुष्काळात भुकेल्यांचे पोट त्याने भरे. तरीही तो बंद केला गेला. कारण पाचव्या सूरहमध्ये दिले आहे: त्यातून माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरला जातो.

‘पगारातून जकात देईन, मशिदीला पंखे देईन, मोहल्ल्याला इफ्तार देईन’ असे म्हणणाऱ्या मुलाने हा उंट आठवावा. जकात म्हणजे शिल्लक संपत्तीचा अडीच टक्के वाटा. ती हलाल कमाईला शुद्ध करते. अवैध कमाई तिच्यामुळे वैध होत नाही, हे आपले उलेमा सतत सांगत आले आहेत.

राहिले ‘मी फक्त एंट्री मारतो’ हे म्हणणे. व्याजाच्या व्यवहाराबद्दल पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. तिथे घेणारा आणि देणारा यांच्याबरोबर तो व्यवहार लिहिणारा आणि साक्षीदारही सारखेच जबाबदार धरले आहेत. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या लिहिणाऱ्याच्या जागी आज कीबोर्डवर बसलेला मुलगा आहे. धर्म बाजूला ठेवून पाहिले तरी हिशेब हाच निघतो. भारतीय दंडसंहितेच्या जागी आलेला नवा कायदा असो की गेमिंगचा कायदा, मदत करणाऱ्याला तो वेगळा काढत नाही.

मला यातली सर्वांत टोचणारी बाब वेगळीच वाटते. पॅनलवर मराठी-हिंदी येणारी मुले का हवी असतात? कारण गिऱ्हाईक इथलेच आहे. लातूरच्या शिकवणी वर्गांसाठी आलेला, खोली करून राहणारा विद्यार्थी, ज्याच्या खात्यात बापाने मेसचे पैसे टाकलेत. उदगीरचा टेम्पोवाला. पीककर्जाचे पैसे आज उचललेला कंधार-मुखेडचा शेतकरी. “दादा, अजून दोन हजार टाका, मागचे निघतील,” असे त्याला आपल्या बोलीत समजावणारा आवाज हवा असतो. दुबईहून येणारा तो मोठा पगार याच खिशांतून गेलेला असतो. आपल्या जिल्ह्याचा पैसा परदेशी जातो, त्यातला चतकोर तुकडा आपल्याच मुलाच्या हातून परत येतो आणि आपण म्हणतो, पोरगा कमावता झाला. ज्याचे घर त्या सट्ट्यात गेले तो हिंदू असेल, मुस्लिम असेल, कुठल्याही जातीचा असेल. तो आपला शेजारी आहे आणि शेजाऱ्याचा हक्क इस्लामने फार मोठा मानला आहे.

फतवा देऊन आणि लेख लिहून मात्र हे थांबणार नाही. ज्या मुलाला आपण ‘नको जाऊ’ म्हणतो त्याला ‘मग काय करू’ याचे उत्तरही द्यावे लागेल. या महिन्यात आपल्या शहरांतून मोठ्या प्रमाणावर जकात निघते. तिचा बराचसा भाग सुट्या नोटांत, एकेका हातावर ठेवून संपतो. गरजूला धान्य, औषध मिळालेच पाहिजे. पण जकातीस पात्र असलेल्या एखाद्या कर्जबाजारी घराला दलालाच्या किंवा सावकाराच्या तावडीतून सोडवणे हेही तिच्या खर्चाच्या आठ वाटांपैकी एक आहे. कर्जात बुडालेल्याचा उल्लेख कुरआनमध्ये स्वतंत्रपणे आहे. गरजू मुलाला वायरिंगचा, एसी दुरुस्तीचा, वेल्डिंगचा किंवा अकाउंट्सचा कोर्स करता येईल एवढी मदत मोहल्ल्यातल्या चार सुखवस्तू घरांनी मिळून केली तरी एका रमजानमध्ये एक घर सावरते. असे कसब घेऊन तो उद्या दुबईला गेला तर आनंदाने जावा.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी मात्र पक्क्या पाहाव्यात. परदेशी नोकरी देणाऱ्या एजंटाकडे केंद्र सरकारचे नोंदणीपत्र लागते. त्याचा क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. त्याला घेता येणारे सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच आहे, तेही पावती देऊन. व्हिसा नोकरीचा आहे की पर्यटनाचा, हे विमानात बसण्याआधी वाचा. करारात कंपनीचे नाव, पत्ता आणि काम लिहिलेले नसेल तर जाऊ नका. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात देऊ नका. जाण्याआधी किंवा नंतर, आपले बँक खाते, एटीएम कार्ड, सिम कुणालाही ‘वापरायला’ देऊ नका. खाते गोठल्यावर दुसऱ्या राज्यातले पोलीस तुमच्याच दारात येतात. शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राला १८०० ११ ३०९० या क्रमांकावर विचारा. पैसे फसवणुकीत गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. जो मुलगा आधीच तिकडे अडकला आहे त्याच्या घरच्यांनी लाजेने गप्प बसू नये. दूतावासाचे दार ठोठवावे. त्याने काय काम केले याचा न्याय पुढे होईल, आधी तो घरी आला पाहिजे.

मोहल्ल्यातल्या जाणत्या माणसांकडून एक अपेक्षा आहे. सट्ट्याच्या पैशातून आलेल्या इफ्तारच्या दस्तरखानावर बसताना आपण दात्याला विचारत नाही. मशिदीच्या बांधकामाला मोठा आकडा देणाऱ्याचे नाव फलकावर येते. गाडी कुठून आली, बंगला कशातून झाला, हे विचारणे आपण असभ्य मानतो. मग पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा काय शिकतो? मान कशाला आहे, हे तो आपल्या डोळ्यांत वाचतो. स्वतःच्या हातांच्या कमाईपेक्षा चांगले अन्न कोणी खाल्ले नाही, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण त्याला तोंडपाठ करवतो, भाजीची गाडी लावणाऱ्या त्याच्या बापाला मात्र पहिल्या रांगेत जागा देत नाही.

रोजा ठेवणारा माणूस दिवसभर समोर असलेल्या हलाल अन्नालाही हात लावत नाही. महिनाभर ही सवय ज्या मुलाने केली त्याला दलालाच्या एका संदेशाला ‘नाही’ म्हणणे जमायला हरकत नाही. त्याच्या त्या नकाराला घराची, मोहल्ल्याची आणि जकातीची साथ मिळाली पाहिजे, एवढेच. ईदच्या सकाळी ईदगाहवर गळाभेट घेताना आपली सगळी मुले तिथे असोत, आणि जी कामासाठी दूर आहेत ती काय काम करतात हे त्यांच्या आईला शेजारणीपुढे मोकळेपणाने सांगता येवो. आमीन.